जाळी शिवायला लागलेला वेळ

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला? भर दुपारी बाहेर? कुणाचे तुम्ही?"

जांदिराने उतारावरूनच हाक मारली. खाली ओढ्याकाठी, आसा-पेशेच्या झुडपांच्या पांढऱ्या फुलोऱ्यात एक माणूस उभा होता – नखशिखांत झाकलेला. रुंद टोपी, तोंडावर जाळी, हातात जाड मोजे. बुरितिझाल गावात अशा वेशातला माणूस म्हणजे ज्याला ऊन चालत नाही, असा आपल्यातलाच कुणीतरी. आणि आपल्यातलं माणूस दुपारी घराबाहेर पडत नाही. तीही पडली नसती, पण वासरू दावं तोडून पळालं होतं आणि दिविनाआत्या बाजाराला गेली होती.

माणसाने वळून पाहिलं. समोर तशीच टोपी, तशीच जाळी, तसेच मोजे.

"हे बघा बाई, मी मालकाला विचारून पेट्या ठेवल्यात," तो जरा तुसडेपणाने म्हणाला. "तुमच्या माश्या दुसरीकडे न्या."

"कसल्या माश्या?"

"मधाच्या! तुम्ही मधवाल्या ना?"

"मी? ... आणि तुम्हाला उन्हाचा आजार नाही?"

"मला? उन्हाचा?"

 मग जांदिरालाच आधी हसू फुटलं. इतकं की जाळी हलायला लागली. तोही हसला. दोघांपैकी एकाचाही चेहरा दिसत नव्हता आणि तरी दोघं एकमेकांकडे बघत राहिली होती ... वासरू तेवढ्यात मजेत फुलं खात होतं.

त्याचं नाव ओस्मार. फुलोऱ्यामागे ट्रक घेऊन हिंडणारा मधपाळ. फुलं संपली की पेट्या उचलायच्या, पुढच्या गावी जायचं. वासरू त्यानेच धरून आणून दिलं, आणि संध्याकाळी मधाची बाटली घेऊन पुन्हा दारात हजर.

बुरितिझालची सकाळ सूर्य मावळल्यावर होते. दारं उघडतात, चुलीवर कॉफी चढते, पोरं चेंडू घेऊन धावतात, ज्यांनी दिवसभर पडद्याआड काढला ते अंगणात येऊन हातपाय मोकळे करतात. जांदिरा तेव्हा ओट्यावर मशीन मांडून बसायची. सगळ्या गावाच्या टोप्या, मोजे, जाळ्या तीच शिवायची.

ओस्मारने आल्या आल्या टोपी काढली. आणि जांदिरा बघतच राहिली. इतका नितळ चेहरा! हसला की एकाच गालाला खळी पडत होती. तिने मात्र स्वतःची जाळी तशीच ठेवली.

"काय गं," आत्या कॉफी ठेवताना म्हणाली, "आज सूर्य मावळला नाही वाटतं अजून?"

"आत्या, जा ना तू आत!"

तो रोज यायला लागला. कधी मध, कधी पोळ्याचा तुकडा, कधी नुसताच. ती मान खाली घालून शिवायची, आणि टाका चुकला की तो नेमका बघत असायचा.

"एक विचारू?" एकदा तो हळूच म्हणाला. "हे ... होतं कशाने? गावात कुणी म्हणतं शाप, कुणी म्हणतं रक्तातला दोष."

"शाप बिप काही नाही. राजधानीतून डॉक्टर आले होते, रक्त घेऊन गेले. एका जनुकाचं काम आहे." तिने हातातला दोरा उजेडात धरला. "बघ. आपल्या प्रत्येक पेशीत असा धागा असतो. ऊन लागलं की तो जागोजागी बिघडतो. तुझाही बिघडतो."

"माझाही?"

"मग! तुझ्या माश्यांमागे तू दिवसभर उन्हातच असतोस की. पण तुझ्या अंगात एक रफूगार आहे. बिघडलेल्या जागेवरूनही न अडखळता पुढे टाका घालत जातो. तो कसा बनवायचा, ते त्या जनुकात लिहिलेलं असतं. माझ्यात ते चुकीचं लिहिलंय. आईकडूनही तसंच आलं, बाबांकडूनही. म्हणून माझ्याकडे रफूगारच नाही."

"गावाला कपडे शिवून देणारी तू," ओस्मार म्हणाला, "आणि तुझ्याचकडे नाही?"

त्याच्या आवाजात कीव नव्हती, नवल होतं. जांदिराला ते फार आवडलं. रात्री अंथरुणावर पडल्यावरही तिला ते वाक्य आठवत राहिलं.

पण त्या जाळीखाली काय आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. तीन वर्षांपूर्वी नाकावरची गाठ काढली होती आणि कानामागची कातडी तिथे जोडली होती. गालावर दुसरा व्रण होता, सगळीकडे काळे-तपकिरी ठिपके होते. गावात कुणी त्या व्रणांकडे वळूनही पाहत नसे. पण ओस्मार गावातला नव्हता. त्याने एकदा पाहिलं आणि नजर वळवली, तर? त्यापेक्षा हे बरं होतं – हा ओटा, ही संध्याकाळ, आणि जाळीतून दिसणारी ती खळी.

अशात त्याची जाळी काटेरी तारेत अडकून फाटली.

"शिवून देशील?"

"ठेव. उद्या देते."

दहा मिनिटांचं काम होतं. पण ओढ्याकाठचा फुलोरा आता तपकिरी पडत चालला होता, आणि जाळीशिवाय मधपाळ पेट्या हलवणार कसा? उद्या गेला. परवा ती म्हणाली, "योग्य दोरा नाही रे." तेरवा, "मशीन बिघडलंय." तो "बरं" म्हणायचा, कॉफी प्यायचा आणि जायचा. जांदिरा रोज रात्री ती जाळी उशीखाली ठेवून झोपत होती. खोटेपणाचा तिला रागही येत होता आणि गोडही वाटत होतं.

मग एका संध्याकाळी तो आलाच नाही.

आत्या तणतणत बाहेर आली. "जांदिरा! तो पोरगा दुपारी जाळीशिवाय पेट्या आवरत होता म्हणे! चावून चावून हाल केलेत माश्यांनी. त्याची जाळी तुझ्याकडे काय करतेय गं इतके दिवस?"

जांदिराने उशीखालून जाळी ओढली, सुईत दोरा ओवला. घाईतही टाके सरळ पडले. मग ती धावतच सुटली. जाळीसकट टोपी कुठे पडली, ते तिला कळलंही नाही.

ओढ्याकाठी ट्रक उभा होता. आकाशात अजून थोडी लाली होती. ओस्मार पायरीवर बसून तोंडाला ओलं फडकं लावत होता. त्याचा एक डोळा पार मिटला होता, ओठ सुजून लोंबत होता, आणि खळीचा तर पत्ताच नव्हता.

"बघू नकोस!" त्याने फडक्याने तोंड झाकलं. "आधीच सांगतो, हसशील."

"वेड्या, गावात जाऊन दुसरी जाळी का नाही आणलीस?"

"दुसरी आणली असती तर ..." तो अडखळला. "तर रोज तुझ्याकडे काय विचारायला आलो असतो?"

जांदिराला रडूच आलं. "ओस्मार, मशीन चांगलंय. दोराही होता. तू जाऊ नयेस म्हणून मी ..."

त्याने फडकं खाली घेतलं. उघडा होता तेवढ्या एका डोळ्याने तो तिच्याकडे बघत राहिला – आणि तेव्हा जांदिराला कळलं की तिच्या तोंडावर जाळी नाही. हात आपोआप नाकाकडे गेला.

"राहू दे," तो म्हणाला. नजर हलली नाही. "इतके दिवस नुसता आवाज ओळखत होतो. आता आवाज कुठून येतो ते कळलं."

"घाबरला नाहीस?"

"घाबरायचं ते तू. स्वतःला आरशात पाहिलंय मी."

ती रडता रडता हसली. मग हसू थांबलं. "आणि पुढे ... मुलं? त्यांनाही माझ्याकडून त्या जनुकाची एक चुकलेली प्रत जाणार."

"आणि माझ्याकडून?"

"तुझं रक्त तपासल्याशिवाय कसं कळणार? त्यासाठी सुई टोचावी लागते."

"सुई!" सुजल्या ओठांनी ओस्मार म्हणाला. "आज माझ्यासमोर सुईचं नाव काढतेस?"

थोड्या वेळाने तो उठला. "फुलं संपली, जांदिरा. आज पेट्या हलवायलाच हव्यात. माझ्या गावाकडे निंबोणी फुलल्यात. आई तिथेच असते. तू ... येशील तिला भेटायला?"

ती मागे सरली. "मी कशी येणार? दिवसा प्रवास –"

"दिवसा? माश्या कधी दिवसा हलवतात का? अंधार पडला, सगळ्या घरी परतल्या, की निघायचं. उजाडायच्या आत पोचायचं. माझा सगळा जन्म असाच गेलाय." त्याने ट्रकचं दार उघडलं. "आणि उजाडलंच, तर हे."

खिडक्यांना जाड काळे पडदे लावले होते. टाके वेडेवाकडे, एक लांब एक आखूड. बोटं टोचून घेत त्याने स्वतः शिवलेले, हे सांगायची गरज नव्हती. जांदिराने पडद्याची कड हातात घेतली. आयुष्यभर ती दुसऱ्यांसाठी सावली शिवत आली होती. तिच्यासाठी कुणी शिवली नव्हती.

"किती घाण शिवलंयस," ती कशीबशी म्हणाली. "कडेने ऊन आत येईल. उसवून पुन्हा शिवावं लागेल."

ओस्मारचा चेहरा पडला. "म्हणजे ... पुन्हा उद्या, परवा, तेरवा?"

मागे उभी राहून आत्या सगळं ऐकत होती. एका हातात जांदिराची टोपी, दुसऱ्या हातात स्वतःची पिशवी. "आईला भेटायला जायचं तर मीही येणार. आणि मधल्या जागेवर मी बसणार, आधीच सांगून ठेवते!"

जांदिराने सदऱ्याच्या कॉलरला टोचलेली सुई काढली आणि ट्रकमध्ये चढून बसली.

"दिवा धर," ती ओस्मारला म्हणाली. "दहा मिनिटांचं काम आहे."