शेवटचा नट छकुलीचा

गाडी आली ती धापा टाकतच. लाल, बुटकी, इटालियन; पोट जमिनीला घासतंय की काय असं वाटावं इतकी खाली बसलेली. मागून पांढरा धूर निघत होता आणि रेडिएटरचं पाणी कुठे जातंय ते कळत नव्हतं. मिस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधीच ओळखलं, हेडची, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाची, गॅस्केट गेली.

"सासऱ्यांनी कोरी घेतली होती," मालकीणबाई म्हणाल्या. "इंजिन आजवर कुणी उघडलेलं नाही हं. जपून." एवढं बोलून बाई निघाल्या. असली गाडी सोडून जाताना माणूस दारापर्यंत दहादा वळून बघतो. बाईंनी एकदाही बघितलं नाही.

मिस्त्रींची एक जुनी खोड होती. चालू इंजिनच्या हेडवर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. या हेडमध्ये त्यांना व्हॉल्व्हची टकटक ऐकू आली, आणि तिच्या खाली आणखी एक बारीक आवाज. आतून कुणीतरी नखाने पत्रा खरवडावा तसा.

"काय म्हणतंय?" छकुलीने विचारलं.

"पोटात दुखतंय म्हणतंय."

"मग चला, फाडूया पोट!"

छकुली म्हणजे मिस्त्रींची एकुलती एक लेक. लाडाचं नाव पडलं ते पडलंच. आता ती बापापेक्षा चार बोटं उंच होती आणि कामात बापाच्या तोडीस तोड. आई गेल्यापासून घरात नि गॅरेजात ही दोघंच. मिस्त्रींचा सगळा जीव तिच्यात. हेड बसवताना मिस्त्री एकेक नट आवळायचे, त्याच्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचे आणि नखाने ठिपक्याला शेपूट ओढायचे. शेवटचा नट मात्र छकुलीचा. आवळायचाही तिनेच, ठिपकाही तिचाच. ती स्टुलावर चढून पाना धरायची तेव्हापासूनची ही पद्धत, आणि त्यावरून छकुलीबाईंचा तोरा काय विचारता!

रॉकेलने हेडवरचा काळा चिकटा पुसायला घेतला, तसे नटांवर पिवळे ठिपके दिसायला लागले. प्रत्येकाला खाली शेपूट.

मिस्त्रींनी एका शेपटावरून नख ओढून बघितलं. ही गाडी त्यांनी जन्मात बघितली नव्हती.

"अण्णा, हे तर तुमचंच काम! म्हातारे झालात, विसरायला लागलात."

"असली गाडी विसरेन मी?"

"आणि हा बघा, एक कोरा राहिलाय. मी नव्हते वाटतं तेव्हा." छकुली खळखळून हसली. मिस्त्रींना हसू आलं नाही.

"ही गाडी मी एकटा करतो," ते म्हणाले. "तू हिला हात लावू नकोस."

"का? भूत बसलंय आत?"

उभं आयुष्य लोखंडाशी काढलेला माणूस, पोरीसमोर भुताचं नाव कसं घेणार? शेवटी काम दोघांनी मिळूनच केलं. हेड घासून सपाट करून आणलं. व्हॉल्व्ह पेस्ट लावून हाताने घोळले, नवी गॅस्केट घातली. कुठे चीर नाही, कुठे खोट नाही. कामात बुडालं की भीतीचा विसर पडतो, तसा मिस्त्रींनाही पडला. मधल्या नटापासून बाहेरच्या बाजूला ते आवळत गेले, ठिपके देत गेले. शेवटचा छकुलीने आवळला, ठिपका दिला आणि बोटाला लागलेला रंग नेहमीसारखा बापाच्या गालाला पुसला.

"एक चक्कर मारून आणते."

"थांब, मी जातो."

"तुमचे गुडघे मावतील का यात?" आणि गेलीसुद्धा.

मिस्त्री भर उन्हात दारात उभे राहिले. गाडी कोपऱ्यावर वळली. आवाज लांब गेला, बारीक झाला, क्षणभर अगदीच नाहीसा झाला आणि मग परत यायला लागला. गाडी आत येऊन जागेवर थांबली तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

"चालू ठेव," म्हणत त्यांनी बॉनेट उचललं. ते पुढच्या बाजूला उलटं उघडणारं होतं, त्यामुळे काचेमागे स्टिअरिंग धरून बसलेली पोर समोर दिसत होती. त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली.

व्हॉल्व्ह झकास चालले होते. त्यांच्या खालून आवाज आला.

"अण्णा, उघडा ना."

मिस्त्रींनी वर बघितलं. काचेमागे छकुलीचे ओठ मिटलेले होते.

"अण्णा, मी आत आहे. उघडा."

शेवटचा नट कोरा होता. मिस्त्रींनी गाल चाचपला. तिथे रंग होता.

"बंद कर!" ते ओरडले. इंजिन बंद झालं. आवाज बंद झाला नाही.

त्यांनी पाना उचलला, नटावर लावला आणि हात तिथेच थिजला. ॲल्युमिनियमचं हेड गरम असताना उघडायचं नसतं. वाकतं, कायमचं. आणि वाकलं, तर आत जे आहे त्याचं काय?

"थांबा अण्णा," गाडीतून उतरून मागे आलेली पोरगी म्हणाली. "गरम आहे. वाकेल."

शब्द त्यांचेच, त्यांनीच शिकवलेले. आवाज छकुलीचा. तिने हेडवर तळहात टेकवला. कातडी सोलून निघावी इतकं ते तापलं होतं. तिने हात उचलला नाही.

मिस्त्री कान लावून थांबले. हेड सावकाश निवत गेलं, तसा आवाज क्षीण होत गेला. "अण्णा." मग नुसता श्वास. मग नखाची खरवड.

मग काहीच नाही.

गार झाल्यावर त्यांनी हेड उघडलं. आत व्हॉल्व्ह होते, पिस्टन होते, स्वच्छ तेल होतं. त्यांनी पुन्हा पुन्हा बोटं फिरवून बघितली.

मग दुसरी गॅस्केट घालून हेड परत बसवलं. मधल्या नटापासून बाहेरच्या बाजूला. ठिपका, शेपूट. ठिपका, शेपूट. शेवटचा नटही त्यांनीच आवळला. त्याच्याजवळ येऊन ब्रश थांबला.

"शेवटचा माझा ना?" पोरीने हात पुढे केला.

"रंग संपला," मिस्त्री म्हणाले, आणि भरलेल्या बाटलीचं झाकण त्यांनी घट्ट लावलं.