ही बंदूक कोणाच्या घरची?

"हेअर ड्रायर!" ठिणगी ओरडली.

"बरोब्बर! आणि ही?" चष्मिसनं टेबलावरच्या दुसऱ्या बंदुकीकडे बोट केलं.

"तुमचा जुना टॉर्च! आणि ती लांब नळीची म्हणजे आमचा व्हॅक्यूम क्लीनर. आईनं किती शोधला होता!"

अंतराळातल्या लढाईचा सिनेमा होता आणि त्यातल्या बंदुका बनवत होती चष्मिसची आई, म्हणजे ठिणगीची मावशी. दोन्ही घरांतलं मोडकं सामान तिच्या तावडीतून सुटायचं नाही! सुट्टीभर ही मावसभावंडं स्टुडिओत ठाण मांडून होती, कारण ठिणगीच्या धाकट्या भावाला, ढब्बूला, परग्रहावरच्या पोराचं काम मिळालं होतं. हिरवं तोंड घेऊन स्वारी नुसती मिरवत होती.

एकच बंदूक खरी होती. वरून प्लॅस्टिकचं कवच, आत अस्सल पिस्तूल. जाळ दिसावा म्हणून तिच्यात बिनगोळीचं काडतूस घालत. "गोळी नसली म्हणून काय झालं? कानाशी उडाली तर जीव घेईल," मावशीनं बजावलं होतं. म्हणून तिच्यावर लाल पट्टी असायची आणि शॉट झाला की ती कुलपात जायची.

"शांतता!" सहायक दिग्दर्शक ओरडला. त्याला सगळे तुफानमेल म्हणत. समोर हीरोनं ढब्बूच्या कानाला चंदेरी बंदूक लावली.

"ओळख, ही कशाची?" चष्मिस कुजबुजला.

"इस्त्री... छे! मिक्सर?... अरे, असलं काही आपल्या दोन्ही घरांत नाहीच!" ठिणगी तुफानमेलकडे धावली. "काका, लाल पट्टीची बंदूक कुठंय?"

"पट्टी खटकत होती. काढून टाकली आणि सगळ्या बंदुकांना एकच चंदेरी रंग मारला. हो बाजूला!"

"पण सकाळच्या शॉटनंतर 'कुलूप मी लावतो' म्हणून तुम्हीच ती घेतली होती ना?"

"लावीन सावकाश! सुट्टीला आलेल्या पोरांनी मला शिकवू नये. कॅमेरा चालू!"

"नाही चालू!" ठिणगी दोरी ओलांडून थेट कॅमेऱ्यासमोर घुसली. "हीरोकाका, चापावरचं बोट काढा! बंदूक खाली ठेवा!" तिनं ढब्बूला खेचून पाठीशी घातलं.

हीरोनं घाबरून बंदूक खाली ठेवली. तुफानमेल लालबुंद झाला. "हाकला रे हिला!"

"हाकला! पण मावशीनं ती उघडून बघेपर्यंत मी इथून हलणार नाही!" ती दोन्ही हात पसरून ढब्बूसमोर उभी राहिली.

तोवर चष्मिसनं आईला जेवणावरून उठवून आणलं होतं. तिनं खरकट्या हातानंच बंदूक उचलली, कवच काढलं, आणि आतलं काडतूस तिच्या तळहातावर पडलं. तुफानमेल मटकन खुर्चीत बसला.

दिग्दर्शक बाई पुढे आल्या. "चूक माझी आहे. सेट माझा, लक्ष मी ठेवायला हवं होतं. शाबास, पोरी! इथं 'कट' म्हणायचा हक्क फक्त मला होता. आजपासून तो तुलाही."

"म्हणजे माझा शॉट वाया गेला?" ढब्बू फुरंगटला. "मी किती छान घाबरलो होतो!"

ठिणगीनं त्याच्या डोक्यात एक टपली मारली, आणि मग त्याला इतकं घट्ट धरलं की तिचा गाल हिरवागार झाला.

"सोड ना, ताई! सगळे बघतायत!"

"बघू देत!" ती म्हणाली. "मी कट म्हटलेलं नाही अजून."