हेल्मेटमधला लिंडसे

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ट्रेव्हर पास्को थापा मारणारा माणूस नाही. इथे ऑस्ट्रेलियात, पोर्ट ऑगस्टात, आमच्या कुंपणापलीकडे तो सव्वीस वर्षं राहतोय. जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरली. भुताखेतांचा विषय निघाला की हसत उठून जायचा.

आता हसत नाही.

तारीख १४ ऑक्टोबर २०१६, शुक्रवार. आणि वेळ रात्रीची नव्हती. भर दुपारची, टळटळीत उन्हाची.

ट्रेव्हर आणि त्याचा धाकटा भाऊ लिंडसे मोटरसायकलींवरून डार्विनला निघाले होते. लिंडसेचं मार्चमध्ये हृदयाचं ऑपरेशन झालेलं. त्याची बायको नोरीन त्याला सोडायला तयारच नव्हती. शेवटी ट्रेव्हरला म्हणाली, "ट्रेव्ह, याला नजरेआड करायचं नाही. एक मिनिटसुद्धा नाही. कळलं?"

साडेदहाला ग्लेंडॅम्बोच्या पंपावर टाक्या भरल्या. पुढे कूबर पीडीपर्यंत अडीचशे किलोमीटर पंप नाही, घर नाही, फोनला रेंज नाही. सावलीत उभं राहून दोघांनी सॉसेज रोल खाल्ले.

"गोळी घेतलीस?" ट्रेव्हरने विचारलं.

"घेतली गं आई."

"आई म्हण, आजी म्हण. तुला काही झालं तर नोरीन मला सोलून काढेल."

"सोलायला तुझ्या अंगावर आहे काय? नुसती दाढी!"

हसतच निघाले. ट्रेव्हर पुढे, लिंडसे मागे. दोघांच्या हेल्मेटमध्ये इंटरकॉम होता, फार तर एक किलोमीटरपर्यंत चालणारा. लिंडसेचा आवाज यायचा तो वाऱ्याच्या घोंघावण्यासकट, इंजिनच्या घरघरीसकट. मधूनच त्याची बेसूर शिट्टी.

साठेक किलोमीटर झाल्यावर लिंडसे म्हणाला, "मी जरा मोकळा होऊन येतो. तू हळूहळू पुढे हो."

"थांबतो ना."

"अरे, दोन मिनिटं! तेवढ्यात मरत नाही मी."

ट्रेव्हरने वेग कमी केला. आरशात लिंडसे गाडी बाजूला लावताना दिसला. मग चढ आला, आणि तो दिसेनासा झाला.

कानात थोडी खरखर झाली... मग तीही थांबली.

पाच मिनिटं गेली.

"आलो रे."

आवाज स्वच्छ होता. ट्रेव्हरने आरशात पाहिलं. मागचा रस्ता रिकामा. लांब उन्हाच्या झळांमध्ये एक काळा ठिपका थरथरत होता. तोच असणार.

"दिसत नाहीस अजून."

"आहे की मागेच. चल तू."

ट्रेव्हर चालत राहिला. थोड्या वेळाने तो आवाज अगदी हळू म्हणाला, "ट्रेव्ह... आईच्या मयतीला तू आला नव्हतास."

त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती. निरोप मिळाला तेव्हा ट्रेव्हर लोकर कातरायच्या शेडमागे दारू पिऊन पडला होता. दोघा भावांनी हा विषय कधी काढला नव्हता.

"तिला राग नव्हता. शेवटी तुझंच नाव घेत होती."

एकसष्ट वर्षांचा माणूस हेल्मेटच्या आत ढसाढसा रडला. मग बोलत सुटला. जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते सगळं सांगितलं. मधून मधून फक्त एवढंच यायचं...

"हं. पुढे चल."

किती वेळ गेला, त्याला कळलंच नाही. किलोमीटरच्या आकड्याकडे नजर गेली तेव्हा लिंडसे थांबला तिथपासून ऐंशी किलोमीटर पार झाले होते.

आणि मग त्याच्या लक्षात आलं.

लिंडसेच्या आवाजामागे वारा नव्हता.

इंजिन नव्हतं.

बंद खोलीत बसून कुणी बोलावं, तसा तो आवाज. दोन शब्दांच्या मध्ये श्वाससुद्धा नाही.

"लिंडसे, शिट्टी वाजव बघू."

काही नाही.

"तुझ्या कुत्र्याचं नाव काय रे?"

"पुढे चल, ट्रेव्ह."

त्याने करकचून ब्रेक दाबला. इंजिन बंद केलं. चहूकडे सपाट लाल माती आणि खुरटी झुडपं. त्या भागात थांबलं की माशा तोंडावर झेपावतात. त्या दिवशी एक माशी नव्हती.

हेल्मेट काढून त्याने हातात धरलं. इंटरकॉमचा निळा दिवा विझलेला होता. बटण दाबून पाहिलं. बॅटरी केव्हाच संपली होती.

आणि हातातल्या हेल्मेटमधून आवाज आला...

"थांबलास कशाला?"

ट्रेव्हरने हेल्मेट रस्त्यावर टाकलं, गाडी वळवली आणि उघड्या डोक्याने सुसाट मागे सुटला.

लिंडसेची गाडी होती तिथेच होती. किल्ली लावलेली. हेल्मेट आरशाला अडकवलेलं.

लिंडसे नव्हता.

"लिंडसेऽऽ!"

लाल मातीत पावलं उमटली होती. रस्त्यापासून सरळ आत, दोरी धरल्यासारखी सरळ. शंभर पावलांवर त्याचे बूट दिसले. शेजारी शेजारी नीट ठेवलेले, मोजे आत खोचलेले. पुढे जॅकेट पडलेलं. त्यानंतरची पावलं अनवाणी होती... आणि काट्यांनी रक्ताळलेली.

दीडेक किलोमीटर आत लिंडसे सापडला. गुडघ्यांवर रांगत होता. अजूनही पुढेच चालला होता.

ट्रेव्हरने ओरडून हाक मारली. त्याने वळून पाहिलं नाही. खांद्याला हात लावला, तर असा किंचाळला, की ट्रेव्हरच दोन पावलं मागे सरला.

"तू... तू इथे?" लिंडसेचे ओठ फुटले होते. त्याने पुढे बोट दाखवलं. "मग तो कोण?"

पुढे कोणीच नव्हतं. क्षितिजापर्यंत नुसती माती.

"कोण तो?"

"तूच की. पडलोय म्हणालास, पाय मोडलाय म्हणालास. जरा पुढे ये, अजून जरा पुढे ये..."

"आणि बूट कशाला काढलेस?"

"तूच सांगितलंस."

ट्रेव्हरने त्याला पाठीवर घेतलं. ट्रेव्हरला स्वतःला काही ऐकू येत नव्हतं. पण रस्त्यापर्यंत लिंडसेने दोन्ही कान गच्च दाबून धरले होते, आणि एकच पुटपुटत होता, "वळू नकोस. वळू नकोस."

अर्ध्या तासाने एक लांबलचक मालट्रक आला. त्या ड्रायव्हरने दोघांना कूबर पीडीच्या दवाखान्यात पोचवलं. लिंडसे वाचला. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, भ्रम झाला असेल. एकाला झाला असेल, हे ट्रेव्हरलाही पटलं असतं.

दोन्ही गाड्या विकल्या. लिंडसे आता बरा आहे, रविवारी चर्चमध्ये दिसतो. अनवाणी मात्र कधी दिसत नाही. घरातसुद्धा नाही.

मागच्या हिवाळ्यात ट्रेव्हरने मला हे सगळं सांगितलं. आईबद्दलचं तेवढं त्याने लिंडसेला आजवर सांगितलेलं नाही.

"मग विचार ना त्याला," मी म्हणालो. "आई खरंच तसं बोलली होती का."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

ट्रेव्हर रस्त्याकडे बघत होता. दुपारचे दोन वाजले असतील. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

मग म्हणाला, "ते जे काही होतं, त्याने माझ्या भावाला मारायला नेलं होतं. मला माहीत आहे. पण परत तो आवाज आला ना... तर मी उत्तर देणार नाही, असं मला छातीठोक सांगता येत नाही."