आत काय विचारलं?

"हतनूर धरण कोणत्या नदीवर?"

प्रश्न थेट कानाशी आला आणि सरिताची फाईल मांडीवरून खाली घसरली. बाकावर शेजारी पांढऱ्या शर्टातला एक तरुण बसला होता. चेहरा ओळखीचा... इतका ओळखीचा की जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं. पण मे महिन्यातली जळगावची जमीन ती. आधीच एवढ्या भेगा पडलेल्या की आणखी दुभंगायची तिला ताकद नव्हती.

"तापी," ती पुटपुटली.

"बरोबर. अक्कलपाडा?"

"पांझरा. हे बघा, मी तेव्हा—"

"बठ्ठं, अगदी सगळं पाठ आहे की तुम्हाला! मग ती नोकरी तुम्हालाच मिळायला हवी होती."

गोष्ट जानेवारीतली, धुळ्याची. मुलाखतीच्या गावाला एक रीत असते. आतून जो बाहेर येतो, त्याला बाहेरचे घेरतात, "आत काय विचारलं?" आणि बाहेर आलेला माणूस आपली आशा किती शिल्लक आहे ते पाहून खरं सांगतो, नाहीतर थाप मारतो. त्या दिवशी सरिताची आशा भरपूर शिल्लक होती. मागच्या नंबरावर हाच तरुण, ईश्वर महाजन, भडगावचा. त्याला तिनं तोंड गंभीर करून सांगितलं, "धरणं विचारतात. नदीसकट, दरवाज्यांसकट."

आत साहेब म्हणाले, "स्वतःबद्दल सांगा." डोक्यात पाण्याचा पूर आलेला ईश्वर म्हणाला, "हतनूर, तापी नदी, एक्केचाळीस दरवाजे." साहेबांनी म्हणे पाणी मागवलं. आधी त्याच्यासाठी, मग स्वतःसाठी.

नोकरी दोघांनाही मिळाली नाही.

आणि आज ही डाळ मिल. ऑफिसात कारकुनाची एकच जागा, बाहेर उरलेले उमेदवार दोनच.

"माफ करा मला," सरिता म्हणाली. "आईमुळे केलं ते..."

तिनं सांगून टाकलं. आईच्या, जमनाबाईच्या, दोन्ही किडन्या थकलेल्या. दर मंगळवारी नि शुक्रवारी जळगावात डायलिसिस. गाव चोपड्याच्याही वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. एसटीनं यायला तीन तास, जायला तीन. रस्त्यातले खड्डे इतके जुने की गावानं त्यांची बारशी केलेली. डॉक्टर म्हणाले होते, "हा प्रवास थांबवा. मशीन जेवढं सुधारतं, तेवढं रस्ता बिघडवतो." आणि या नोकरीबरोबर मिलच्या मागची एक खोली मिळणार होती. पगारापेक्षा सरिताचा डोळा त्या खोलीवर होता.

ईश्वरनं तिची खाली पडलेली फाईल उचलून तिच्या हातात दिली. मग हसला. गालाला खळी पडली, तीही एकाच.

"धुळ्याचं मी कधीच विसरलो. चला, तयारी करू. तुमची कमजोरी काय?"

"खोटं बोलले की नजर खाली जाते."

"धुळ्यात नव्हती गेली."

"तुम्ही बघत होता?"

"दुसरं काय होतं तिथं बघण्यासारखं?"

"बरं... तुमची कमजोरी?"

"कोणीही सांगितलं की विश्वास बसतो माझा. त्यात निळी ओढणी असली की संपलंच."

सरितानं आपली निळी ओढणी उगाचच सारखी केली. एवढ्यात आतून हाक आली, "ईश्वर महाजन!"

दहा मिनिटांनी तो बाहेर आला तो पार उतरलेल्या तोंडानं. तिनं विचारू नये असं ठरवलं होतं, तरी विचारलंच.

"आत काय विचारलं?"

"एकच. शेवटचं खोटं कोणाशी बोललात?"

सरिता ताडकन उठली. म्हणजे हा विसरला नव्हता तर! गोड बोलून जवळ बसला, आईचं ऐकून घेतलं, आणि नेमका इथे डाव साधला.

"सूड घेताय?"

"देवाशप्पथ नाही हो! खरंच तेच—"

"सरिता पावरा!"

आत मिलचे मालक फुलचंद शेठ ताटलीतली तूरडाळ बोटांतून गाळत बसले होते. वर न बघताच म्हणाले, "बैस बेटा. शेवटचं खोटं कोणाशी बोललीस?"

झालं! सरिता बसलीच नाही.

"त्यानं चुगली केली ना? द्यायची नसेल नोकरी तर नका देऊ, शेठ! दोघांनी मिळून थट्टा कशाला करता? माझी आई मरायला टेकलीय, आणि तुम्ही..."

शेठ थांबले, डाळ थांबली.

"बेटा, वीस वर्षं मी हाच प्रश्न विचारतो. मला दुसरा येतच नाही. त्या पोरानं तुझं नावसुद्धा काढलं नाही. काय म्हणाला सांगू? म्हणाला, आत्ताच, बाहेर बाकावर. एका मुलीला म्हणालो, 'तुमचं ते मी कधीच विसरलो.' खरं तर ते काही विसरलो नाही, आणि तिलाही विसरलो नाही."

सरिताला बसायला खुर्ची सापडेना.

"आमच्याकडे गिऱ्हाईक रोज अंगावर येतं," शेठ हळू आवाजात म्हणाले. "ऑफिसात डोकं थंड लागतं, बेटा."

बाहेर बाकाजवळ ईश्वर उभा होता. ती त्याच्याकडे न बघता उन्हात निघून गेली. खोलीही गेली, आणि तोही.

मंगळवारी डायलिसिसच्या वॉर्डात आईचे पाय चेपत असताना तिला दारात पांढरा शर्ट दिसला.

"जागा मला मिळाली," तो अपराध्यासारखा म्हणाला. "खोलीची किल्ली आणलीय. तुम्ही दोघी राहा. मी गोदामात झोपतो, पोत्यांवर. शेठना विचारलंय."

"भीक नको मला."

"भीक नाही. मला तुम्ही जवळ हव्यात. एवढा सरळ स्वार्थ आहे."

जमनाबाईनं डोळे उघडले. "हाऊ कोन शे व?"

"माझ्यामुळे धुळ्यात नापास झालेला, आई."

"आनि तरी उना?" तरीही आला याचं नवल करत म्हातारीनं त्याला नीट न्याहाळलं. "मंग चांगला शे."

त्या खोलीत जमनाबाई अकरा आठवडे जगली. सगळीकडे डाळीची धूळ, आणि हिला डाळसुद्धा तोलून मापून. पाणी दिवसाला मोजकेच पेले. सरिताची पाठ वळली की ती ईश्वरला खुणेनं पाणी मागायची. तो पाणी देत नसे. बर्फाचा खडा रुमालात धरून तिच्या ओठांवर टेकवायचा. "चोखा माय, हळू." सरिता दाराआडून बघायची आणि डोळे पुसून मगच आत यायची. मग दोघांची नजर भेटायची... आणि बोलायचं राहून जायचं. आजाऱ्याच्या उशाशी कसलं बोलायचं ते?

श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी म्हातारीनं बर्फही नको म्हणून मान फिरवली.

ईश्वर गावापर्यंत सोबत गेला. खांदा दिला. कुवरसिंग, सरिताचा बाप, पडवीत बसून होता. त्याच्याशी दोन शब्द बोलून ईश्वर परतला. सरिताशी बोलायचं पुन्हा राहून गेलं.

महिना गेला. त्यानं खोली झाडून ठेवली, पण स्वतः काही तिथे राहायला गेला नाही.

एका शुक्रवारी दुपारी मिलच्या फाटकात ती उभी. एकटी.

"आईचं सामान राहिलंय," ती म्हणाली.

दोन लुगडी, एक वाटी, औषधांची पिशवी. एवढंसं सामान बांधायला तिला दोन तास लागले. एक एक घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची. ईश्वर उंबऱ्यावर बसून होता.

"तुमची शेवटची गाडी..." शेवटी तो चाचरत म्हणाला, "साडेचारची ना?"

"हो."

"पाच वाजलेत."

"माहितीय मला."

गिरणीचा पट्टा थांबला. एकदम इतकं शांत झालं की त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला.

"सरिता... घरी काय सांगून आलीस?"

तिनं लुगड्याची घडी मांडीवर ठेवली आणि पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघितलं.

"तुझं नाव."