प्रवासी अजून वाटेत आहे

कामशातचं त्या दिवशीचं काम तसं साधंच होतं. बसच्या तिकिटाचे पैसे परत करण्यासाठी तिच्या कंपनीने एक नवं साधन तयार केलं होतं. ते माणसं नव्हे, तर एआय मदतनीस चालवणार होते. ते केव्हा वापरायचं, केव्हा त्याला हात लावायचा नाही, आधी कुणाला काय विचारायचं, हे त्या मदतनिसांना कळेल अशा भाषेत लिहून द्यायचं होतं. अत्बासार गावाच्या अगदी टोकाला तिचं घर. त्यापुढे नुसतं बर्फाचं माळरान. माणसाला अर्धं सांगितलं तरी तो उरलेलं ओळखून घेतो. हे मेले शब्दाला शब्द धरून चालणारे. म्हणून तिने ठासून लिहिलं, 'पैसे परत करण्याआधी खुद्द प्रवाशाला विचारा. स्पष्ट हो आल्याशिवाय पुढे जाऊ नका.'

दुपारी वादळ सुटलं. खिडक्या पांढऱ्या झाल्या. तेवढ्यात धाकट्या दिराचा फोन आला.

"वहिनी, शुक्रवार आहे. आज तरी दादाच्या नावाने शेल्पेकच्या पुऱ्या तळ गं. वास जाऊ दे त्याच्यापर्यंत."

"ते मेलेल्यांसाठी तळतात, मिर्झा." सासरच्या माणसांची नावं घ्यायची नसतात, म्हणून ती त्याला मिर्झा म्हणायची.

"वर्ष झालं! वादळात बस अडकली, हा शहाणा मदत आणतो म्हणून खाली उतरला, आणि परत आलाच नाही. वास आपल्याला येतो, पोट मेलेल्यांचं भरतं. माझा भाऊ वर्षभर उपाशी हिंडतोय, वहिनी. तुला बघवतं तरी कसं?"

"त्यांना उशीर होतो. नेहमीचंच आहे ते."

"राहू दे. तू नाही तळलंस तर इथे माझ्या घरी मी तळतो." त्याने फोन ठेवला.

उशीर मात्र खराच. तिचा नवरा तोक्तार एकदा तरी वेळेवर घरी आला असेल तर शपथ! एकांतात ती त्याला शेठजींसारखं 'बाय' लावून चिडवायची, 'या, उशीरबाय, या.' तो गेल्यापासून ती चहाचे दोन पेले मांडायची आणि दुसरा गार झाला की स्वतःच प्यायची. 'जेवलीस का' असं विचारणारंही कुणी उरलं नव्हतं. एकटेपणाने तिचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

फोननंतर ती पोटभर रडली. मग उठली, पीठ मळलं, कढईत तेल ओतलं. तोक्तारला निरोप द्यायचाच, असं तिने मनाशी पक्कं केलं. एखाद्या जुन्या तिकिटावर साधन चालवून बघ, असं कंपनीने सांगितलंच होतं. तिने तोक्तारचं ते शेवटचं तिकीट घातलं. पैसे परत आले की त्याचा प्रवास संपला म्हणायचं, आणि मगच चूल पेटवायची.

पडद्यावर उमटलं, 'प्रवाशाला विचारतो.'

"विचार, विचार. कप्पाळ माझं!" ती मोठ्याने म्हणाली.

थोड्या वेळाने उत्तर आलं. 'प्रवाशाशी बोलणं झालं. पैसे नकोत म्हणतात. प्रवास अजून चालू आहे.'

काहीतरी बिघडलंय, असं तिला वाटलं. तिने लिहिलं, 'कोण बोललं? नाव काय?'

'नाव सांगितलं नाही. उशीरबाय म्हटलं की तिला कळेल, म्हणाले.'

तिने ती ओळ पुन्हा वाचली. हे नाव त्या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

'कुठे आहेत ते?'

'घराचा दिवा दिसतोय म्हणतात. थंडी फार आहे... सोबत एक जण आहे. त्याच्याकडे तिकीट नाही. त्यालाही घरात घेशील का, असं विचारतात.'

'सोबत कोण?'

'ते सांगत नाहीत. स्पष्ट हो आल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.'

हे तिनेच सकाळी लिहिलेलं. बाहेर मघापासून भुंकणारा कुत्रा एकाएकी गप्प झाला. कामशातला भीती वाटली, खूप वाटली. पण दाराशी तोक्तार थंडीत कुडकुडत उभा असेल तर? सोबतचा कोण का असेना. तिने 'हो' लिहिलं आणि धावत जाऊन दार सताड उघडलं.

"अहो... आलात का?"

बर्फाचा झोत तोंडावर आला. पायरीवर कुणी नव्हतं. ती हाका मारत राहिली, बोटं बधिर होईपर्यंत. शेवटी दार लोटून आत आली. पडद्यावर नवी ओळ होती.

'आभारी आहे. सोबतचे आत आले. प्रवासी अजून वाटेत आहेत.'

तिने खोलीभर नजर फिरवली. सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त शेल्पेक तळल्याचा वास येत होता, अगदी ताजा, गरम. ती चुलीशी गेली. चूल पेटलेली नव्हती. कढईतल्या तेलात तिने बोट बुडवलं, तेल गार होतं. मळलेलं पीठ तसंच झाकलेलं होतं. मिर्झाचं घर तर गावाच्या दुसऱ्या टोकाला.

वास दाटत गेला. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं. भूक कडकडून लागायला हवी होती.

एक घासही न घेता तिचं पोट हळूहळू भरत चाललं होतं.