चेन उतारावरच का पडते?

“शेवटचा बोल्ट मी आवळणार!” मुंगीने जाहीर केलं आणि दादाच्या हातातला पाना जवळजवळ हिसकावूनच घेतला.

मामाच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुट्टी लागल्यापासून हा एकच उद्योग चालू होता. मुंगीची सायकल चाकं वर करून उलटी उभी होती आणि तिच्याभोवती ग्रीस, चिंध्या नि सुट्या भागांचा असा पसारा पडला होता की मामीने शेडमध्ये पाऊल टाकणंच सोडून दिलं होतं. मुख्य मेकॅनिक होता दादा, म्हणजे मुंगीचा सख्खा भाऊ, आता नववीत जाणारा. त्याच्या हाताखाली मुंगी. आणि मामाचा मुलगा होता तो फक्त प्रश्न विचारायला. त्याचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं. घरात सगळे त्याला शंकासुरच म्हणायचे.

“पण पुढची तीन दातेरी चाकं काढून एकच बसवलं, तर गियर कमी नाही का होणार?” शंकासुराने पुन्हा विचारलं.

दादाने कपाळाला हात लावला, त्यामुळे कपाळालाही ग्रीस लागलं. मग त्याने पुन्हा पहिल्यापासून समजावलं. पॅडलजवळची तीन दातेरी चाकं काढून तिथे एकच बसवायचं. चढ सोपा व्हावा म्हणून मागच्या दातेरी चाकांमध्ये एक चांगलं ताटलीएवढं मोठं घालायचं. गियर कमी होतात हे खरं, पण लागतात तेवढे उरतात. आणि मुख्य म्हणजे हँडलवरची डावीकडची कळ कायमची जाते.

सगळं घोडं त्या डाव्या कळीपाशीच अडलं होतं. पुढची चाकं बदलते ती कळ डाव्या अंगठ्याने दाबायची असते, आणि मुंगीचा डावा अंगठा मागच्या वर्षी जड दरवाजात सापडला होता. जखम भरली, पण अंगठ्यात जोर काही परत आला नाही. ब्रेक दाबायला बोटं होती. कळ मात्र काही केल्या दबायची नाही. त्यामुळे गेल्या सुट्टीत मामा मुलांना घेऊन डोंगरवाटेवर गेला तेव्हा मुंगी मामीशेजारी जीपमध्ये बसली होती, पाण्याच्या कॅनना धरून. जीपमधूनही सगळं छान दिसतं असं मामी समजुतीने म्हणाली होती. मुंगीला ते अजिबात छान दिसलं नव्हतं.

तेव्हापासून तिला एक खोडच लागली होती. ती लोकांचे अंगठे बघायची. शिंपी दोरा कसा तोडतो, कंडक्टर तिकीट कसं फाडतो, मामी किल्ली कशी फिरवते. आपण बघतोय हे तिचं तिलाही कळत नसे.

बोल्ट बसला. आधी एकदा बोल्टांचाच घोळ झाला होता. जुने बोल्ट तीन चाकांसाठीचे, लांब. ते करकचून आवळले तरी एकटं चाक डुगडुगत होतं, म्हणून आखूड बोल्ट आणावे लागले. आता चाक जराही हललं नाही. दादाने चेन मापात आणली, मागचं चाक बसवलं, आणि तिघं घरामागच्या कोरड्या ओढ्यात गेले. दगडगोट्यांतून मुंगीने सायकल अशी दामटली की शंकासुर पळत पळत मागेच राहिला. चेन जागची ढळली नाही. नव्या चाकाचा एक दात जाड, एक बारीक होता, तो चेनला सोडतच नव्हता. मग ती ओढ्याचा काठ चढली. न उतरता चढली. वर पोचल्यावर तिला इतका आनंद झाला की तिने सायकलच्या हँडलाचा मुका घेतला.

काठावर मामा कंबरेवर हात ठेवून बघत होता. मामा मनाने लोण्यासारखा होता, फक्त सायकलीतलं आपल्यापुढे कुणाला काही कळत नाही असं त्याचं ठाम मत होतं. कारखानेवाल्यांनी तीन चाकं काय हौस म्हणून दिली असतील का, असं त्याने विचारलं. बरं, येऊ दे तिला डोंगरावर, बघू, असंही म्हणाला. एवढं ऐकून मुंगीला रात्री झोप लागली नाही.

डोंगराच्या पायथ्याशी मामीने जीप थांबवली. मामाने सायकली उतरवून चाकं बसवली, कारण चाकं काढल्याशिवाय चार सायकली जीपमध्ये मावत नसत. चढाचा टप्पा मुंगीने दात-ओठ खात पार केला. मग आला तो दगडांचा लांब उतार. मुलांनी त्याचं नाव खडखड उतार ठेवलं होतं, कारण तिथे सगळ्या सायकली एकदम खणखणायला लागायच्या. मुंगी उतरायला लागली, आणि अर्ध्यावर पॅडल एकदम मोकळं फिरलं.

चेन पडली होती.

तिने चढवली. पुढच्या वळणावर पुन्हा पडली. मामाने काही बोलायच्या आधी शीळ घातली, आणि ती शीळ बोलण्यापेक्षा जास्त लागली.

घरी आल्यावर दादाने सायकल पार सोडवली. चेनचं माप पाहिलं, दात पाहिले, पुढचं चाक सरळ रेषेत आहे का ते डोळा लावून पाहिलं. कुठेच दोष सापडेना. सगळं पुन्हा जोडून ओढ्यात नेली तर चेन मुंगळ्यासारखी चिकटून! दुसऱ्या वेळी डोंगरावर गेले, आणि खडखड उतारावर चेन पुन्हा पडली.

आता मामाचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. “हे बघ पोरी, उतारावर चेन पडून पाय घसरला तर मी तुझ्या आईला काय तोंड दाखवू? उद्या सुट्टीतली शेवटची फेरी, तळ्यापर्यंतची. उतारावर तू माझ्या नजरेपुढे उतरायचं, हळू. एकदा जरी चेन पडली तर तिथूनच जीपमध्ये. चालेल?”

मुंगीने मान हलवली. शेडमध्ये जाऊन ती सायकलीच्या मागच्या चाकाशी बसली आणि पोटभर रडली. दादा तिच्या शेजारी नुसता बसून राहिला. आपली बहीण आपल्यामुळे तोंडघशी पडली, याचं त्याला इतकं वाईट वाटत होतं की त्याला धीर देणंही सुचेना.

शंकासुराला मात्र गप्प बसणं जमत नव्हतं. “इथे पडत नाही. तिथे पडते. ओढ्यातले दगड डोंगरापेक्षा लहान आहेत का?”

“मोठे आहेत,” दादा वैतागून म्हणाला.

“मग इथून तिथे जाईपर्यंत सायकलीला काय होतं?”

“काय होणार? जीपमध्ये पडून असते.”

मुंगीने डोळे पुसले. “नुसती पडून नसते. मामा चाक काढतो.” ती बोलता बोलता थांबली, कारण तिच्या डोळ्यांपुढे मामाचा अंगठा आला होता. गेल्या वर्षी जीपमध्ये बसून तिने तो किती वेळा पाहिला होता! मामा मागचं चाक काढायच्या आधी अंगठा चाकामागे नेतो, काहीतरी खाली ढकलतो, आणि मग चाक उचलतो. चाक बसवल्यावर तो अंगठा पुन्हा तिकडे जात नाही. तो सरळ खिशातल्या रुमालाकडे जातो.

“दादा, तू चाक काढताना अंगठ्याने काय खाली करतोस?”

“कुठे काय?” दादा म्हणाला. मग त्याने चाक काढायला घेतलं, आणि त्याचा हात मधेच थबकला. मागच्या चाकाशी चेन ताणून धरणारा जो लोंबता हात असतो, त्याच्यावर बोटाच्या पेराएवढी एक कळ होती. ती वर असली की तो लोंबता हात ताठ राहतो, चेन हिंदकळत नाही. चाक काढायला सोपं जावं म्हणून ती खाली करायची आणि बसवल्यावर पुन्हा वर. दादाचा हात दर वेळी हे आपोआप करत होता, म्हणून तर घरी जोडलेली सायकल ओढ्यात शहाण्यासारखी वागायची.

“मग आमच्या सायकलींची चेन का नाही पडत?” शंकासुराने विचारलं, आणि या वेळी त्याच्या प्रश्नावर कुणीच वैतागलं नाही.

उत्तर मुंगीनेच दिलं. बाकीच्या सायकलींना पुढे चेन इकडून तिकडे सरकवणारा पत्र्याचा पिंजरा होता. चेन कितीही उड्या मारो, तो तिला बाहेर जाऊ देत नसे. तिच्या सायकलीचा पिंजरा डाव्या कळीबरोबरच निघाला होता. “आणि उतारावर चारही सायकली खणखणतात ना, ते दगड नाहीत. ती चेन आपटते सांगाड्यावर.”

दादाला तर लगेच मामाकडे धावायचं होतं. मुंगीने त्याला बाही धरून थांबवलं. मामाला सांगून पटणार नव्हतं; मामाला दाखवावं लागणार होतं. आधी आपली खात्री करून घेऊ, मग बघू, असं तिघांचं ठरलं. त्यांनी चारही सायकलींच्या कळी वर केल्या आणि प्रत्येकीवर पातळ कागदाची एकेक चिकटपट्टी लावली. कळ हलली तर कागद फाटणार.

सकाळी डोंगराच्या पायथ्याशी मामा चाकं बसवून, हात पुसून मामीशी बोलायला गेला. तिघांनी पटापट वाकून पाहिलं. चारही कागद फाटलेले! दादाने तिघांच्या सायकलींच्या कळी वर केल्या. चौथ्या सायकलीपाशी त्याने मुंगीकडे पाहिलं.

“मामाची राहू दे,” मुंगी म्हणाली. “तिला पिंजरा आहे, पडणार नाही. नुसती बोलेल.”

चढ संपला आणि खडखड उतार समोर आला. कळीचं कोडं तर सुटलं होतं, पण उतार काही कमी झाला नव्हता. मामाने मागून खूण केली. तिने ब्रेकवर बोटं ठेवली आणि सायकल सोडली. पहिला दगड. दुसरा. दर हादऱ्याला तिला वाटे, आता पॅडल मोकळं फिरेल. ते फिरत नव्हतं. पायाखाली चेनचा भरीव ताण लागत होता, आणि आजूबाजूला कसली शांतता होती! दादाची सायकल गप्प, शंकासुराची गप्प. मागे फक्त एकच सायकल भांड्यांच्या फडताळासारखी खणखणत येत होती.

उताराच्या तळाशी मामा थांबला तो स्वतःच्या सायकलीकडे संशयाने बघत. “काय रे, आज माझीच का वाजतेय?”

तिघांनाही हसू आवरेना. मग मुंगी पुढे झाली. तिने मामाच्या सायकलीची कळ दाखवली, फाटलेला कागद दाखवला, आणि आवाज जराही न चढवता सगळं सांगितलं. मामाने सायकल उचलून जमिनीवर आपटली. चेन खणकन वाजली. मुंगीने कळ वर केली. मामाने पुन्हा आपटली. काही वाजलं नाही. त्याने आणखी एकदा आपटून पाहिली, कारण मामा तो मामाच.

मग तो त्या कळीवरून अंगठा फिरवत राहिला. मुंगीला भीती वाटली, आपण जरा जास्तच केलं की काय.

“म्हणजे दोन्ही वेळा चेन मी पाडली,” तो शेवटी म्हणाला. “आणि वर तुलाच दम दिला. चुकलो गं.” त्याने दादाच्या पाठीवर थाप मारली, एवढं स्वच्छ काम मलाही जमलं नसतं, असं कबूल केलं. शंकासुराला तर त्याने सांगून टाकलं की आजपासून त्याला वाटेल तेवढे प्रश्न विचारायची मुभा आहे, फक्त जेवताना सोडून. वळणावर जीप उभी होती. मामीने खिडकीतून डोकं काढून विचारलं, कुणाला आत यायचंय का? तिघंही आधीच सायकलींवर बसले होते.

तिथून तळ्यापर्यंत नुसता चढ होता, वळणावळणाचा. दर वर्षी पुढे मामा असायचा. ती जागा त्याने कधी कुणाला दिली नव्हती. आज त्याने आपली सायकल वाटेच्या कडेला घेतली.

“चल, हो पुढे,” तो मुंगीला म्हणाला. “चढ कितपत रेटायचा ते तू ठरव. आम्ही तुझ्यामागून येतो.”

मुंगीने एकदा मान वर करून वाट पाहिली. उजव्या अंगठ्याने तिने ताटलीएवढ्या चाकाचा गियर टाकला, पॅडलवर भार दिला, आणि तिच्यामागे तीन सायकली चढायला लागल्या.