शेवटची सतरा मिनिटं

उल्हास वायकोळ्यांच्या मेंदूतून यंत्राने जे बाहेर काढलं, ते एका बारशाचं चित्रीकरण होतं.

फुगे लावलेला पाळणा, त्यामागे नायलॉनच्या साड्यांची गर्दी, मधूनच कॅमेऱ्यासमोर येऊन हात हलवणारे एक टकले काका, आणि चित्राच्या तळाशी सरकणारी जाहिरातीची पट्टी : 'लग्नाचा बस्ता एकाच छताखाली'. जळगावच्या स्मृतिविज्ञान संस्थेतल्या डॉ. रुबीना तडवी पाच मिनिटं निमूट बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, बाळ कुणाचं?"

"माहीत नाही," उल्हासराव ओशाळून म्हणाले. "आमच्या सिनेमाच्या शेवटी येतं ते."

सिनेमाचं नाव 'चिंचेखालचा टेलिफोन'. १९८९ सालचा, कृष्णधवल. एका ओसाड घाटात चिंचेच्या झाडाखाली सरकार चुकून टेलिफोन बसवतं आणि त्याच्या राखणीला एक लाइनमन नेमतं. सिनेमाभर तो फोन वाजत राहतो आणि लाइनमन तो उचलत नाही, एवढीच गोष्ट. राज्यात चार गावांत तो लागला आणि आठवड्याच्या आत चारही गावांतून उतरला. बघणाऱ्यांपैकी बहुतेकांनी दिग्दर्शकाला नावं ठेवली. उरलेल्यांनी मंडळ काढलं.

निर्मात्याने पुढे सिनेमाची निगेटिव्ह तिच्यातल्या चांदीसाठी भंगारात काढली. जगात एकच प्रत उरली : १९९४ साली भुसावळच्या केबलवरून कुणीतरी उतरवून घेतलेली व्हिडिओ कॅसेट. तिच्यातही शेवटच्या सतरा मिनिटांवर त्याच माणसाने घरचं बारसं घेतलं होतं. लाइनमन अखेर फोन उचलायला हात पुढे करतो आणि एकदम पाळणा येतो. गेली पंचावन्न वर्षं मंडळाचे सभासद वर्षातून एकदा, रविवारी सकाळी, एकत्र बसून ही कॅसेट बघत. बारसं सुरू झालं म्हणून कुणी उठत नसे. ते संपलं की चहा, आणि मग लाइनमनने फोन उचलला की नाही यावर वाद.

पुण्याची एक छोटी कंपनी नऊ वर्षांपासून या सिनेमाची 'धड प्रत' काढणार होती. धड प्रत म्हणजे स्वच्छ केलेलं चित्र, स्वच्छ केलेला आवाज, चकती ठेवायला जाड पुठ्ठ्याचा डबा आणि आत चाळीस पानांची पुस्तिका. चकती लावायचं यंत्र २०४९ साली मंडळातल्या तिघांच्याच घरी उरलं होतं, पण तो प्रश्न कुणाला महत्त्वाचा वाटला नव्हता. मंडळाचे अध्यक्ष प्रा. श्रीरंग मुजुमदार यांनी पुस्तिकेची प्रस्तावना केव्हाच लिहून दिली होती. दरवर्षी तिच्यात एखाद्या सभासदाच्या नावाआधी 'कै.' घालण्यापलीकडे काही बदल करावा लागत नसे. आता चौदा जण उरले होते. कंपनी म्हणत होती, शेवट मिळाला तर काढू.

शेवट कुठे मिळणार, तर ज्यांनी तो थिएटरात पाहिला त्यांच्या डोक्यात. म्हणून हे जळगाव.

"माझ्या डोक्यात थिएटर असायला हवं होतं," उल्हासराव म्हणाले. "अकरा वर्षांचा होतो मी. स्टेशनरोडच्या टॉकीजमध्ये बघितलाय. शेवटी झोप लागली ते सोडा, पण बाकीचा?"

डॉ. तडवींनी खुर्ची ओढून घेतली. "काका, आठवण म्हणजे पेटीतला फोटो नव्हे. मेंदूतल्या पेशींच्या जोडण्यांचा तो एक नमुना असतो. आम्ही त्याला स्मृतिमुद्रा म्हणतो. तुम्ही काही आठवलंत की ती मुद्रा क्षणभर सैल होते, मऊ मेणासारखी. आणि आठवून झाल्यावर पुन्हा घट्ट होते. पण घट्ट होताना आधीसारखीच होईल असं नाही. त्या वेळी मनात जे असेल तेही तिच्यात मिसळतं. म्हणजे दर वेळी तुम्ही मूळ प्रत फेकून देता आणि नवी ठेवता."

"म्हणजे जितकं जास्त आठवावं..."

"तितकी आठवण बिघडलेली. तुमच्या मंडळाने साठ वर्षं या सिनेमावर इतकं प्रेम केलंय, की चौदाच्या चौदा डोक्यांत आता ती कॅसेटच आहे. पट्टीसकट."

उल्हासरावांनी विचारलं, "मग चांगली आठवण कुणाची?"

"ज्याने एकदाच पाहिलं आणि परत कधी आठवलं नाही त्याची. आम्ही तिला अस्पर्श मुद्रा म्हणतो. फार दुर्मिळ. माणूस आठवल्याशिवाय राहत नाही ना."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. यंत्राला वाचायचं तर मुद्रा सैल करावी लागते, आणि यंत्राच्या प्रकाशात ती पुन्हा घट्ट होत नाही. वाचलं की पुसलं. याचा अनुभव उल्हासरावांना त्याच आठवड्यात आला. घरी कॅसेट लावली, शेवटी बारसं आलं, आणि पंचावन्न वर्षं पाठ असलेला तो पाळणा त्यांना भलत्याच कुणाच्या तरी घरचा वाटला. टकले काका हात हलवत होते आणि उल्हासराव परक्या घरात चुकून शिरल्यासारखे अवघडून बसले होते. बारशाचंच काय एवढं, असं म्हणून त्यांनी तो विषय मनातून काढून टाकला.

अस्पर्श मुद्रा सापडली ती त्यांच्याच घरात.

थोरली बहीण कोकिळाताई, वय ऐंशी, मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, अविवाहित. दुसऱ्या खेपेला ती जळगावला सोबत म्हणून आली होती. बसल्या बसल्या डॉक्टरांनी तिच्या डोक्याला पडताळणीची टोपी लावली. त्या टोपीने काही पुसलं जात नाही, कुठली मुद्रा किती वेळा उघडली गेली एवढंच कळतं. डॉ. तडवींनी आकडा दोनदा तपासला.

"आजी, हा सिनेमा तुम्ही पाहिलाय?"

"पाहिलाय की."

"परत कधी आठवला नाहीत?"

"नाही," कोकिळाताई म्हणाली, आणि पर्समधून कोड्यांचं पुस्तक काढून गणित सोडवायला लागली.

भुसावळला परतल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी उल्हासराव तिच्याकडे गेले.

"ताई, सबंध शेवट तुझ्यात आहे म्हणे. सतराच्या सतरा मिनिटं. काल घडल्यासारखी."

"असणार. मीच ठेवलीत."

"ठेवलीत म्हणजे?"

कोकिळाताईने चष्मा काढला. "उल्ह्या, त्या दिवशी आपण कुणाबरोबर गेलो होतो, विसरलास?"

विसरले नव्हते. फक्त, मंडळात या भागाला काही महत्त्व नसल्याने तो मागे पडला होता. कोकिळाताईचा साखरपुडा झाला होता. मुलगा सावद्याचा, भास्कर फिरके, जिल्हा परिषदेत ओव्हरसियर. दोघांना एकदा सिनेमाला जाऊ द्यावं, असं मुलाकडच्यांनी सुचवलं. वडिलांनी परवानगी दिली ती उल्हासला बरोबर न्यायचं या अटीवर, आणि उल्हास दोघांच्या मध्ये बसायचा या पोटअटीवर. मध्यंतरात उल्हासने गोळी सोडा पिऊन परतताना खुर्ची बदलली. लग्नाला तीन आठवडे असताना भास्कररावांना कावीळ झाली, आणि नवव्या दिवशी ते गेले. साखरपुड्याचे फोटो दोन्ही घरांनी मिळून जाळले, पुढच्या स्थळांना दिसू नयेत म्हणून. पुढची स्थळं कोकिळाताईने पाहिलीच नाहीत.

"साखरपुड्यात मी मान खाली घालून बसलेले," ती म्हणाली. "त्यांचे बूट तेवढे पाहिले. चेहरा पाहिला तो त्या टॉकीजमध्ये, शेवटी शेवटी. ते गेल्यावर महिन्याभराने एकदा ती संध्याकाळ आठवायला घेतली. सुरुवातच केली, तर त्यांचा शर्ट निळा दिसला. तो तर क्रीम रंगाचा होता. मला धडकीच भरली. म्हटलं, हे वापरलं की विटतं. मग बंदच केलं. मनात यायला लागलं की सतराचा पाढा म्हणायचा."

"साठ वर्षं?"

"एकोणीसचाही म्हणते कधीकधी."

"मग ठेवून करायचं काय त्याचं?"

"शेवटच्या दिवशी काढायचं. एकदाच, सबंध. तोपर्यंत हात लावायचा नाही."

यावर माणसाने गप्प बसावं. पण उल्हासराव एकाहत्तर वर्षांचे होते, प्रस्तावनेत आपल्या नावाआधी 'कै.' लागण्याच्या आत त्यांना शेवट बघायचा होता, आणि संग्राहकाला समोरच्या कपाटात एकमेव प्रत आहे हे कळल्यावर गप्प बसता येत नाही.

"ताई, एक सांगू? आईचं काय झालं आठव. शेवटचं वर्षभर तिला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. तुझंही तसं झालं आणि त्या दिवशी तुला काही सापडलंच नाही तर?"

कोकिळाताईने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. हे तिच्या मनात आधीच येऊन गेलेलं होतं.

"चकती विटत नाही," उल्हासराव म्हणाले. "रोज बघ. शर्ट क्रीमचा क्रीमच राहील." सिनेमा कृष्णधवल होता, पण आठवण रंगीत असणार, हे त्यांना तेवढ्या घाईतही सुचलं.

आठ दिवसांनी ती स्वतःच म्हणाली, "चल जळगावला."

डॉ. तडवी सहीआधी अर्धा तास समजावत होत्या. "आजी, चित्र राहील, आवाज राहील. पण ते तुमच्या बाबतीत घडलंय, हे जे आतून वाटतं ना, ते मुद्रेतच असतं. ते चकतीवर येत नाही. नंतर ते चित्र तुम्हाला परकं वाटेल."

"चेहरा बघितल्यावर ओळखणार नाही होय मी?"

"नाही ओळखणार."

"बघू," कोकिळाताई म्हणाली. वर्गातल्या मुलीने उत्तर चुकवलं की ती याच सुरात 'बघू' म्हणत असे.

डॉक्टरांनी उल्हासरावांकडे पाहिलं. यंत्रात जाऊन आलेला, आपल्याच पाळण्यापुढे परका होऊन बसलेला माणूस त्या खोलीत तो एकटाच होता. त्याने बोलायला हवं होतं. उल्हासरावांनी खिडकीबाहेर पाहिलं.

वाचन चाळीस मिनिटांत झालं. कोकिळाताई उठली, केस सारखे केले, आणि कुठे चहा मिळेल का म्हणाली. प्रत खरोखर धड होती. लाइनमन हात पुढे करतो, फोनवर हात ठेवतो, त्याची बोटं दिसतात, नखांतला मळ दिसतो. अशी चार मिनिटं. आणि मग चित्र सावकाश उजवीकडे वळतं आणि पडद्यावर एका तरुणाचा चेहरा येतो. पंचविशीतला, बारीक मिशी, क्रीम रंगाचा शर्ट. त्याच्यावर पडद्याचा प्रकाश पडतोय, जातोय, पुन्हा पडतोय. उरलेली तेरा मिनिटं तोच चेहरा. त्याच्या खांद्यावर अकरा वर्षांचा एक मुलगा तोंड उघडं टाकून झोपलेला. पलीकडे कुठेतरी फोन उचलल्याचा खटका होतो, कुणीतरी बोलायला सुरुवात करतं, आणि नेमका तेव्हाच तो तरुण हलक्या आवाजात विचारतो, "तहान लागलीय का?" त्यात ते पलीकडचं वाक्य बुडून जातं. कायमचं.

"आजींनी सतरापैकी चारच मिनिटं सिनेमा पाहिला," डॉ. तडवी म्हणाल्या. "चेहरा काढून टाकू का? चार मिनिटं शुद्ध मिळतील."

"नको," उल्हासराव म्हणाले. "राहू द्या. मुलाचं डोकं तेवढं कापा. रंगही काढा."

मंडळाला त्यांनी काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पहिल्या बैठकीतच चेहरा कापण्याचा ठराव आला असता. त्याऐवजी मंडळाने ती तेरा मिनिटं श्वास रोखून पाहिली. लाइनमनच्या तरुणपणाचा असा दीर्घ, निर्भय समीपदृश्यातला शेवट मराठीत झाला नव्हता, असं प्रा. मुजुमदारांचं मत पडलं. 'तहान लागलीय का?' हे वाक्य कुणी कुणाला उद्देशून म्हटलंय, यावर दोन तट पडले. एकाने ते दुष्काळावरचं भाष्य मानलं. दुसऱ्याने ते थेट ईश्वराचं मानलं. प्रस्तावना पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने बदलली. सहा महिन्यांनी धड प्रत बाजारात आली, जाड पुठ्ठ्याच्या डब्यात. डब्यावर तोच चेहरा होता.

उल्हासराव आपल्या घरचं यंत्र घेऊन ताईकडे गेले. रंगीत प्रत त्यांनी तिच्यासाठी वेगळी करून घेतली होती. ती खुर्चीत ताठ बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून. आपण काहीतरी ठेवलं होतं आणि आज ते मिळणार आहे, एवढं तिला माहीत होतं. तसा कागद तिने स्वतःच्या हाताने लिहून भिंतीला चिकटवलेला होता.

चार मिनिटं गेली. चेहरा आला.

ती बघत राहिली. मिनिट, दोन मिनिटं. प्रकाश त्याच्यावर पडत होता, जात होता. तिने चष्मा पुसून पुन्हा लावला. "तहान लागलीय का?" तो म्हणाला. कोकिळाताईने उल्हासरावांकडे पाहिलं.

"नट कोण रे हा?"

उल्हासराव म्हणाले, "ताई, हे भास्करराव."

"असं?" ती पुढे वाकली. मान एका बाजूला कलती करून तिने तो चेहरा नीट निरखला. मिशी, कपाळ, शर्टाची कॉलर. मध्यस्थाने आणून दाखवलेला फोटो बघावा तसा, भिडस्तपणे, पण काही सुटू नये अशा काळजीने. तेराही मिनिटं तिने पाहिली. संपल्यावर चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मुलगा चांगला आहे," ती म्हणाली. "मी हो म्हटलं असतं."